छपराच्या आतला पाऊस



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो लोकशिक्षणासाठी. आणि लोकांना शिकवणाऱ्याने आधी स्वतः काही शिकलेले असावे, एवढी अपेक्षा कोणीही करील. आमची पंचाईत अशी की, आम्ही जे शिकलो ते ग्रंथांतून नव्हे, चुकीतून शिकलो. कॅनडात आम्ही स्वतःच्या हातांनी ओंडक्यांचे एक घर बांधले. त्याचे छप्पर घालताना एक चूक केली. आणि ती चूक दोन हिवाळे आमच्या डोक्यावर ठिबकत राहिली. चालकांना आम्ही हे कळवले, तेव्हा त्यांचे उत्तर आले, ‘मग तेच सांगा.’ म्हणून आम्ही येथे उभे आहोत.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. आमच्या बोलण्यातील ‘आम्ही’ हा थोरपणाचा नव्हे. ते घर आम्ही पतिपत्नींनी मिळून बांधले. चूक दोघांची, मेहनतही दोघांची. कोणता खिळा कोणी वाकडा ठोकला हे आम्ही सांगणार नाही. कारण व्याख्यान संपल्यावर आम्हांला एकाच घरी जायचे आहे.

छप्पर म्हटले की आपल्या मनात पहिल्याने येतो तो पाऊस. कोकणातले कौलारू घर घ्या किंवा देशावरचे माळवद घ्या, मृग लागण्यापूर्वी माणूस वर चढतो तो पाऊस आत येऊ नये म्हणून. कौले परतायची, माळवदावर माती टाकायची, पन्हळ साफ करायचे. पाऊस वरून येतो आणि छपराने तो अडवायचा, हे आपल्या हाडीमांसी खिळलेले ज्ञान आहे. आम्हीही तेच ज्ञान गाठीशी बांधून परदेशी गेलो होतो. थंड देशातल्या छपरावर एक पाऊस आतूनही पडतो, ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती. खरे म्हणजे सांगितली होती. आम्ही ऐकली नव्हती.

ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा पश्चिमेकडील प्रांत. त्याच्या अंतर्भागात प्रिन्स जॉर्ज नावाचे शहर आहे. तेथून मोटारीने तासाभराच्या वाटेवर आमची जमीन. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरणे ही तिकडे नवलाची गोष्ट नव्हे. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मुलखातील पाइनच्या अरण्यांवर एका भुंगेऱ्याची धाड पडली. किडा तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्याने कोट्यवधी झाडे उभ्या उभ्या वाळवली. किड्याबरोबर एक बुरशी येते आणि तिच्यामुळे लाकडाला निळसर झाक चढते. लाकडाच्या ताकदीत तिने फारसा फरक पडत नाही. ही निळी झाक आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. उभ्याने वाळलेले असे लाकूड स्वस्त मिळत होते, आणि त्याच भागात ओंडक्यांची घरे बांधण्याची विद्या जिवंत होती. बी. ॲलन मॅकी या गृहस्थांनी १९७० च्या दशकात प्रिन्स जॉर्जलाच या कामाची शाळा चालवून पुष्कळांना हे काम शिकवले होते. अशा वातावरणात आम्हांलाही आपले घर आपण बांधावे असे वाटू लागले.

ओंडक्यांची भिंत कशी रचतात हे दोन वाक्यांत सांगतो. वरच्या ओंडक्याच्या पोटाला खालच्या ओंडक्याच्या पाठीचा आकार कोरायचा आणि कोपऱ्यावर घोड्यावरच्या खोगिराच्या आकाराची खाच पाडून एकावर एक बसवत जायचे. अशी भिंत बांधून झाली तरी स्वस्थ बसत नाही. लाकूड वाळते, आकसते आणि भिंत खाली बसत जाते. ओले ओंडके असतील तर दर फूट उंचीमागे अर्धा ते पाऊण इंच उतार धरून चालावे लागते. आमचे लाकूड बरेचसे वाळलेले, म्हणून आमची भिंत दोनएक इंचच बसली. पण आढे ज्या खांबांवर ठेवले होते ते खांब उभ्या लाकडाचे. उभे लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. म्हणजे भिंती खाली जाणार, आढे मात्र तेथेच राहणार. यासाठी खांबाखाली स्क्रूचा जॅक ठेवतात आणि भिंत बसेल तसतसे आढे थोडे थोडे उतरवतात. घर बांधून झाल्यावरही काही वर्षे त्याच्याशी असे जुळवून घेत राहावे लागते.

आता छपराकडे वळू. या बाबतीत जुने लोक काय करीत हे पाहणे उद्बोधक आहे. नॉर्वेमध्ये शतकानुशतके ओंडक्यांच्या घरांवर गवताची छपरे असत. ऑस्लो येथील लोकसंग्रहालयात ती आजही पाहावयास मिळतात. आधी फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर बर्च झाडाच्या सालीचे अनेक पदर, आणि त्यावर गवतासकट काढलेल्या मातीच्या ढेपांचे दोन थर. खालच्या ढेपा गवत खाली करून, वरच्या गवत वर करून. साल पाणी अडवी, माती ऊब धरी, आणि त्या सगळ्याचा भार भिंतींवर पडून ओंडके एकमेकांवर घट्ट दाबून बसत. आपल्या माळवदाचा आणि या छपराचा वंश वेगळा, पण बुद्धी एकच.

अलीकडचे उदाहरण अलास्कातले आहे. रिचर्ड प्रेनिकी नावाच्या गृहस्थाने १९६८ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ट्विन लेक्स या सरोवरांच्या काठी एकट्याने ओंडक्यांची झोपडी उभी केली. तिच्या छपरावर त्याने स्प्रूसच्या बारीक खोडांची ओळ घातली, तीवर डांबरी कागद आणि प्लास्टिक पसरले आणि वरून शेवाळाचे जाड पांघरूण घातले. तेथे तो पुढे सुमारे तीस वर्षे राहिला. त्याची झोपडी आज राष्ट्रीय उद्यानात जतन केलेली आहे.

मग ही जुनी छपरे टिकली आणि आमचे का ठिबकले? याचे उत्तर पुढे येईल. आधी आमचे छप्पर कसे होते ते सांगतो.

आढे आणि त्याला समांतर अशा चार जाड तुळया. त्यांच्यावर आढ्यापासून वळचणीपर्यंत उभे वासे. आणि वाशांवर आडवी तक्तपोशी. तक्तपोशीच्या फळ्या दोन बाय सहाच्या. दुकानात ‘दोन बाय सहा’ म्हणून जी फळी मिळते ती रंधून प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. हे कळायला आम्हांला पहिला हिशेब चुकावा लागला. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ. जीभ खाचेत बसवायची, ठोकून सांधा मिटवायचा, खिळा मारायचा. खालून पाहिले म्हणजे आढे, तुळया, वासे आणि सोनेरी फळ्या, त्यांत मधूनमधून ती निळी झाक. या तक्तपोशीवर आमचा फार जीव होता. ती झाकली जाऊ नये म्हणून उष्णता रोखणारा सगळा थर आम्ही तिच्या वर घातला. आणि हे करणे शास्त्राला धरूनच होते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नील हचन यांनी १९६४ मध्येच दाखवून दिले होते की, इमारतीचा सांगाडा आत उबेत ठेवावा आणि उष्णतारोधक थर त्याच्या बाहेरून घालावा. म्हणजे सांगाड्याला ना थंडी बाधते, ना ओल.

तक्तपोशीवर प्लास्टिकचा पातळ पडदा. जाडी एका इंचाच्या सहा हजारांश, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. त्यावर सव्वाअकरा इंच उंचीच्या फळ्या उभ्या कडेवर, दोन-दोन फुटांवर. त्यांच्या मधल्या पोकळीत नऊ इंच दगडी लोकर. खडक वितळवून त्याचे तंतू काढतात ती ही लोकर. तिचा एक इंच उष्णता रोखण्यात सुमारे तीन इंच लाकडाची बरोबरी करतो. लोकरीच्या वर सव्वादोन इंच मोकळी जागा, वळचणीपासून आढ्यापर्यंत वारा वाहता राहावा म्हणून. तिच्यावर प्लायवूड, आणि सर्वांत वर पत्रा.

या सगळ्या थरांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पातळ थर कोणता? तो प्लास्टिकचा पडदा. आणि आम्ही हयगय केली ती नेमकी तेथेच.

तो २०१० चा सप्टेंबर महिना होता. संध्याकाळ झाली होती, पश्चिमेला ढग जमले होते. दोन्ही पाखांवरचे पडदे आढ्यावर आणून एकमेकांवर टाकले होते. त्यांच्यामध्ये एक काळा चिकट लेप लावावा लागतो. तो कधी सुकत नाही आणि सांधा कायम धरून ठेवतो. शिवाय आढ्यावर पडद्याला एक सैल चुणी ठेवावी लागते, कारण भिंती बसताना छपराचा उतार थोडा बदलतो आणि ताणलेला पडदा फाटतो. ‘उद्या करू’ असे आमच्यापैकी एक जण म्हणाला आणि दुसऱ्याने मान डोलावली. रात्री पाऊस आला. सकाळी वरच्या फळ्या घालण्याची घाई. तो ‘उद्या’ उगवलाच नाही.

दुसरी चूक आम्हांला चूक वाटलीच नव्हती. तक्तपोशीच्या फळ्या, आणि त्यांच्या खालचे वासे, आम्ही घरातून थेट भिंतीवरून बाहेर वळचणीपर्यंत सलग नेले. दिसायला फार सुंदर. पण भिंतीच्या माथ्यावर वाशावाशांमध्ये ज्या फटी राहतात त्या आम्ही नुसत्या लाकडाच्या तुकड्यांनी बुजवल्या होत्या, आणि खाच आणि जीभ यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच. ती पाण्याला बंद असते, हवेला नसते. अशा कैक फटी आतली हवा बाहेर नेत होत्या, पडद्याच्या खालच्या बाजूने, पडद्याला न विचारता.

फेब्रुवारी २०११. बाहेर लख्ख ऊन. आठ दिवसांत ना पाऊस, ना बर्फ. आम्ही जेवायला बसलो होतो आणि ताटात टपकन एक थेंब पडला. वर पाहिले तर आढ्याजवळच्या फळीच्या सांध्यातून पाणी ठिबकत होते. आकाश निरभ्र आणि घरात पाऊस.

आम्ही काय केले असेल? आपण जे केले असते तेच. पाणी वरून आले, तेव्हा पत्रा गळतो आहे, असे आम्ही ठरवले. वसंत ऋतूत वर चढून पत्र्याचा एकेक स्क्रू तपासला, एकेकाला लेप लावला. पावसाळी दिवसांत आत थेंबही आला नाही. आम्ही आपली पाठ थोपटून घेतली. पुढच्या हिवाळ्यात, डिसेंबर संपता संपता, फळ्यांवर तपकिरी काळसर ओघळ उतरले आणि वरच्या माळ्यावर कुबट वास येऊ लागला.

आता जी हकिकत सांगतो ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो. पण ती गाळून हे व्याख्यान पुरे होणार नाही. त्याच सुमारास नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या गावी जाण्याची वेळ आली होती आणि घर विकावे असा विचार चालू होता. एक तरुण जोडपे घर पाहायला आले. बाई गरोदर होत्या. त्यांना घर आवडले. वर पाहून त्यांनी विचारले, ‘फळ्यांवर हे डाग कसले?’ आणि आमच्यापैकी एकाने, कोणी ते पुन्हा विचारू नका, उत्तर दिले, ‘ते भुंगेऱ्याचे लाकूड आहे ना, त्याला अशी झाक असतेच.’

वाक्य तसे खोटे नव्हते. त्या लाकडाला झाक असतेच. पण तो डाग झाकेचा नव्हता, आणि हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पहाटे दोघेही जागे आहोत हे दोघांनाही कळले. सकाळी आम्ही त्या जोडप्याला दूरध्वनी केला आणि सांगितले, ‘छपरात दोष आहे. काय दोष आहे ते आम्हांला अजून समजलेले नाही.’ त्यांनी आभार मानले. घर अर्थातच घेतले नाही.

यानंतर आम्ही शेजारच्या एका वृद्ध सुताराला बोलावले. आधी बोलावले नव्हते, कारण तक्तपोशी ठोकत असतानाच त्यांनी आम्हांला बजावले होते, ‘प्लास्टिकचा सांधा विसरू नका.’ ते आले, खुर्चीवर बसले, वर पाहिले आणि म्हणाले, ‘तुमच्याकडे धूर करणारे काही आहे का? सिगारेट, मेणबत्ती?’ सिगारेट आमच्या घरात नव्हती. देवापुढची उदबत्ती होती. त्यांनी ती पेटवून आमच्या हाती दिली आणि शिडीवर चढायला सांगितले. आढ्याजवळच्या सांध्याशी उदबत्ती नेली आणि धुराची ती सरळ रेघ वाकली, फळीच्या फटीत शिरली, नाहीशी झाली. भिंतीच्या माथ्यावर, जेथे फळ्या बाहेर जात होत्या तेथेही थोडी तीच गत. म्हातारबुवा म्हणाले, ‘हा पाऊस नव्हे. हा तुमचा श्वास आहे. तुम्ही दोन वर्षे छपराला पाणी पाजत आहात.’

त्यांच्या बोलण्यातले शास्त्र असे. हवा गरम असली म्हणजे तिच्यात पाण्याची वाफ पुष्कळ मावते. थंड झाली की मावत नाही. २० अंश सेल्सियसच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा मावत नाही. उणे २० अंशांना जेमतेम एक. मग घरातली उबदार हवा छपराच्या थंड भागात शिरली तर उरलेल्या वाफेने जायचे कोठे? ती प्लायवूडच्या पोटाला हिम होऊन चिकटते. कडक थंडीत तिचा पत्ता लागत नाही. एखाद्या दिवशी ऊन पडते, पत्रा तापतो, हिम वितळते आणि निरभ्र आकाशाखाली घरात पाऊस पडतो.

आणि ही वाफ आढ्यालाच का जाते? उबदार हवा हलकी. ती वर चढते. थंडीच्या दिवसांत घर म्हणजे एक धुराडेच असते: खालच्या फटींतून थंड हवा आत येते आणि वरच्या फटींतून उबदार हवा बाहेर पडते. फट आढ्यावर असेल तर तिच्यासारखी वाईट जागा नाही.

पुष्कळांना वाटते की वाफ लाकडातून, भिंतीतून झिरपून जाते. तीही जाते, पण थोडी. अमेरिकेतील इमारतशास्त्राचे अभ्यासक एक उदाहरण नेहमी देतात. थंड प्रदेशात चार फूट बाय आठ फूट जिप्समच्या एका फळीतून अख्ख्या हिवाळ्यात झिरपून सुमारे एक तृतीयांश लिटर पाणी जाते. त्याच फळीला एक चौरस इंचाचे भोक पाडा. त्यातून वाहणाऱ्या हवेबरोबर सुमारे अठ्ठावीस लिटर जाते. आम्ही पडदा तर शंभर टक्के घातला होता; फक्त त्याचे सांधे घातले नव्हते. घागर भरायची आणि बुडाचे भोक तसेच ठेवायचे, त्यातला हा प्रकार.

बरे, आमच्या घरात वाफ तरी थोडी का होती? कुकरच्या शिट्ट्या, उकळते वरण, चहाचे आधण, आणि बाहेर कपडे वाळत नाहीत म्हणून माळ्यावर घातलेली धुण्याची दोरी. मराठी संसार जेवढा म्हणून वाफाळता असतो तेवढा आमचा होता. स्वयंपाकघरात पंखा होता. पण आवाज करतो म्हणून आम्ही तो लावत नव्हतो.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर. नॉर्वेतील जुन्या घरांत मध्यभागी चूल असे आणि छपराला धूर जाण्यासाठी भोक असे. त्याच भोकातून घरातली वाफ निघून जाई. लाकूड खंडीने जळे, पण घर कोरडे राही. जुने घर हवेला गळके होते, म्हणूनच ते टिकले. १९७३ साली तेल महागले, उष्णता वाचवण्याची निकड उत्पन्न झाली, आणि घरे जाड थरांनी गुंडाळली जाऊ लागली. पण आपण उष्णता अडवली की छपराचा वरचा भाग पूर्वीपेक्षा थंड होतो आणि तेथे पोहोचलेली वाफ पूर्वीपेक्षा लवकर पाणी होते. जो उष्णता अडवतो त्याच्यावर हवा अडवण्याचीही जबाबदारी येते. आणि हे केवळ आमच्यासारख्या हौशी लोकांनाच समजले नव्हते असे नाही. अलास्काची राजधानी जुनो येथे या शतकाच्या आरंभी कारखान्यात बनवलेल्या उष्णतारोधक तक्त्यांची कित्येक छपरे आढ्याजवळ कुजलेली आढळली. तेथेही कारण तेच निघाले, तक्त्यांचे न मिटवलेले सांधे.

२०१२ च्या जूनमध्ये आम्ही छप्पर उघडले. आपण ठोकलेला खिळा आपणच उपटायचा, हे काम अंगाला जेवढे जड त्याहून मनाला जड. आढ्याच्या दोन्ही बाजूंचा चार-चार फूट पत्रा काढला. उत्तरेकडच्या पाखावरचे प्लायवूड काळे पडले होते; बोट दाबले तर आत जात होते. दगडी लोकर हातात घेतली तर ओल्या फडक्यासारखी जड. पडदा आढ्यावर सरकून दोन्हीकडे तीन-तीन बोटे मागे गेला होता. तक्तपोशी मात्र, देवाची कृपा म्हणा, शाबूत होती. म्हातारबुवा म्हणाले, ‘अजून दोन हिवाळे गेले असते तर आढ्यालाही लागण झाली असती.’

दुरुस्ती सांगायला सोपी आहे. ओले ते काढले, नवे घातले. आढ्यावरून पडद्याचा नवा रुंद पट्टा टाकला, मध्ये सैल चुणी ठेवली, सांध्यांत काळा लेप भरला, वरून चिकटपट्टी दाबली. वळचणीकडचा पत्रा आणि लोकर काढून भिंतीच्या माथ्यावर तक्तपोशीला आरपार चीर पाडली आणि ती लेपाने भरली, म्हणजे आतली फळी आणि बाहेरची फळी यांचा हवेपुरता संबंध तुटला. वाशांमधल्या फटीही त्याच लेपाने बुजवल्या. आधी केले असते तर हे दोन दिवसांचे काम होते. आता दोन महिने लागले. शेवटी पुन्हा उदबत्ती लावली आणि सगळ्या घरभर, फटीफटीपाशी फिरवली. धूर सरळ वर गेला. इतकी मनापासून उदबत्ती आम्ही आयुष्यात कधी ओवाळली नव्हती.

घर घट्ट केले की दुसरे पथ्य येते. माणसाला श्वास घ्यायचा असतो. म्हणून आम्ही हवा खेळती ठेवणारे एक यंत्र बसवले. ते बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून आत येणाऱ्या हवेला देते. जुन्या छपराच्या भोकाचेच काम ते करते. पण आपल्या इच्छेने आणि मोजूनमापून. स्वयंपाकघरातला पंखा आता लावतो. आवाज करतो तो करू दे.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या छपरावरचे बर्फ शेजाऱ्यांच्या छपरांपेक्षा जास्त दिवस टिकले. वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांचे फोटो लोक हौसेने काढतात. खालून उष्णता निसटते, बर्फ वितळते आणि थंड वळचणीवर येऊन पुन्हा गोठते; पुष्कळदा त्यातूनच ते सुळके होतात. आमच्या वळचणीला आता सुळके जवळजवळ येत नाहीत. फोटो काढण्याजोगे आमच्या छपरात काही उरले नाही, याचा आम्हांला अभिमान आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोडे जण ओंडक्यांचे घर बांधतील हे आम्ही जाणतो. पण हेच शास्त्र आता उलट्या दिशेने आपल्या घरांत शिरले आहे. मुंबईत किंवा कोकणात ऐन पावसाळ्यात खोली वातानुकूलनाने गार करायची आणि खिडकीला फट ठेवायची. मग बाहेरची दमट हवा आत येते, गार भिंतीला किंवा कपाटाच्या पाठीला लागते आणि तेथे बुरशी धरते. आपण म्हणतो, ‘भिंतीला ओल आली, वरच्या मजल्यावरचा नळ गळत असेल.’ वरच्या माणसाशी भांडण्यापूर्वी एकदा उदबत्ती लावून खिडकीच्या फटीशी धरून पाहावी, एवढीच आमची विनंती.

ते घर आम्ही विकले नाही. नोकरीचे गाव दूर पडले, तरी त्या छपराखाली राहण्यासाठी आम्ही जाणे-येणे पत्करले. आढ्यापासून तिसऱ्या फळीवर एक तपकिरी ओघळ आम्ही मुद्दाम घासून काढला नाही. पाहुणे विचारतात, ‘हा डाग कसला?’ आम्ही आता त्यांना खरे सांगतो. सांगायला तासभर लागतो.